गोठ्याचे सहा फूट आणि बेचाळीस वर्षे

अतिक्रमणाची मोजणी करायला आम्ही गेलो तेव्हा गोठ्यात एक म्हैस बांधलेली होती आणि तिचे रेडकू दाव्याला ओढ देत उभे होते. भूकरमापकाने खुणा रोवल्या, तलाठ्याने नकाशा उलगडून धरला, टेपचे एक टोक कोतवालाने गोठ्याच्या मागच्या मेढीशी लावले आणि दुसरे टोक, ग्रामसेवक म्हणून, माझ्या हातात आले. गायरानाच्या हद्दीत गोठा सहा फूट शिरलेला होता. पंचनाम्यात तसे लिहिले गेले, पंचांच्या सह्या झाल्या, आणि ज्यांच्या सदस्यत्वाचा फैसला त्या सहा फुटांवर व्हायचा होता त्या अक्का पदराने हात पुसत दारात आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "सासऱ्यांच्या हातचा गोठा हाय हा, भाऊसाहेब. तवा मी ह्या घरात आलेबी नव्हते."

सारा गाव त्यांना अक्का म्हणत असे, म्हणून मीही इथे तेवढेच म्हणतो. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव जागेवरून त्या निवडून आल्या होत्या. पहिले सहा महिने सभेत त्या बोलल्याच नाहीत. सातव्या महिन्यात त्यांनी पाणीपुरवठ्याच्या खर्चाचे रजिस्टर मागितले आणि ते घरी न नेता कार्यालयातच बसून, ओळीवर बोट ठेवून वाचले. त्यानंतर थोड्याच दिवसांत पडलेल्या उमेदवाराच्या बाजूने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला. या दोन गोष्टींचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही. पण गावात राहणाऱ्या माणसाला काही गोष्टी सिद्ध कराव्या लागत नाहीत.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ मधील ज-३ ही तरतूद सांगते की, ज्याने सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केले आहे त्याला पंचायतीचा सदस्य राहता येणार नाही. अतिक्रमण स्वतः केले नसेल, घरातल्या आधीच्या पिढीने केले असेल तर काय, हा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तो निकाली काढला. त्या प्रकरणातल्या सदस्येच्या सासऱ्यांनी आणि पतीने १९८१ मध्ये अतिक्रमण केले होते आणि ती त्याच घरात एकत्र राहत होती. गावाच्या जागेचे रक्षण ज्याने करायचे त्यानेच ती जागा वापरत राहणे हे हितसंबंधांचे भांडण आहे, म्हणून ती अपात्र, असा निकालाचा आशय होता. या आधारावर अक्कांचे सदस्यत्व गेले. विभागीय आयुक्तांकडचे अपील फेटाळले गेले आणि त्यानंतर आठ दिवसांत त्यांनी आपल्या हाताने गोठा उतरवला.

त्याच गोठ्याची घरपट्टी पंचायत वर्षानुवर्षे घेत आली होती. नमुना ८ च्या नोंदवहीत तो सासऱ्यांच्या नावावर होता आणि गेल्या काही वर्षांच्या पावत्यांवर माझ्याच सह्या होत्या.

मला त्या हुकुमाविषयी तक्रार करायची नाही. हुकूम कायद्याप्रमाणे होता आणि कायदा वाईट नाही. गायरान गिळणारी माणसे पंचायतीत बसली की गायरानाचे काय होते, हे मी तीस वर्षांच्या नोकरीत तीन गावांत पाहिले आहे. ज्या महिन्यात तो हुकूम आला त्या महिन्यात मी एक काम केले, जे तोवरच्या नोकरीत कधी करायला सुचले नव्हते. पंचायतीचा कायदा आणि लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ ही दोन पुस्तके मी शेजारी शेजारी ठेवली आणि निवडून येणाऱ्या माणसाकडून कोणता कायदा काय मागतो हे एका वहीत लिहीत गेलो. ती वही अजून माझ्याजवळ आहे. डाव्या पानाला पुरवणी जोडावी लागली आणि उजवे पान अर्ध्यावर संपले.

डाव्या पानावरचे सगळे मला पाठच होते, कारण ग्रामपंचायत निवडणुकीच्या छाननीत ते दर पाच वर्षांनी माझ्या टेबलावरून जात असे. पंचायतीची पट्टी देयक मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही तर अपात्र. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनाच्या वर गेली तर अपात्र. राहत्या घरी शौचालय आहे आणि त्याचा नियमित वापर होतो असा दाखला नसेल तर अपात्र. पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असेल तर अपात्र. राखीव जागेवरून निवडून आल्यावर जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत दाखल झाले नाही तर निवड रद्द. उमेदवारी अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी कार्यालयात जी रीघ लागते ती ज्याने पाहिली आहे त्यालाच कळेल की कायदा माणसाला कसा हलवू शकतो. दहा-दहा वर्षे 'बघू, देऊ' म्हणणारी माणसे रोख पैसे घेऊन ओट्यावर बसतात, थकबाकी नसल्याचा दाखला मागतात, आणि शिपायाला पावतीपुस्तक संपले म्हणून तालुक्याला पिटाळावे लागते. एका वाडीत एकाच पंधरवड्यात अकरा शौचालये बांधली गेलेली मी पाहिली आहेत. त्यांतली बहुतेक अजून वापरात आहेत. त्यामुळे नियम कडक असू नयेत असे म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण उजव्या पानावर आमदार आणि खासदार यांच्यासाठी अपत्यांची अट नाही. शौचालयाची नाही. थकलेल्या कराची नाही. सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणाची नाही, मग ती जमीन सहा फूट असो की सहा एकर. राज्य शासनाच्या सेवेतल्या कर्मचाऱ्यांना २००५ च्या नियमांनी लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. म्हणजे दोन अपत्यांचा दंडक गावच्या सदस्याला आहे, नगरसेवकाला आहे, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला आहे, कारकुनालाही आहे. ज्या सभागृहाने हा दंडक मंजूर केला त्या सभागृहाच्या दाराशी तो थांबतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. आमदारांची अपात्रता विधानसभेला ठरवता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९१ प्रमाणे तो अधिकार संसदेचा आहे, आणि पंचायतींबाबत मात्र ७३व्या घटनादुरुस्तीने तो राज्याला दिलेला आहे. हरियाणातल्या अशाच दोन अपत्यांच्या अटीला आव्हान दिले गेले तेव्हा याचिकाकर्त्यांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता की आमदार-खासदारांना जे लागू नाही ते सरपंचालाच का. ३० जुलै २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. दोन कायदे वेगळ्या विधिमंडळांनी केलेले आहेत आणि सुधारणा टप्प्याटप्प्याने, खालच्या पायरीपासूनही सुरू करता येते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. कायद्याच्या अंगाने ते मला समजते. पण पहिला टप्पा होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आणि दुसऱ्या टप्प्याची तारीख कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात मला सापडली नाही. संसदेला तो कायदा करण्यापासून कुणी अडवलेले नव्हते, आणि तसा कायदा करा असा ठराव विधानसभेने दिल्लीला पाठवला असता तर तिलाही कुणी अडवले नसते.

टप्प्याटप्प्याचे हे गणित स्त्रियांच्या आरक्षणात आणखी उघडे पडते. पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणारी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले. गावागावांतल्या पुरुषांना आपल्या खुर्च्या सोडाव्या लागल्या, चरफडत का होईना त्यांनी त्या सोडल्या, आणि अक्कांसारख्या बायका कार्यालयात बसून रजिस्टर वाचू लागल्या. संसद आणि विधानसभा यांच्यासाठी तसेच विधेयक सप्टेंबर १९९६ मध्ये मांडले गेले. ते मंजूर व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडला, आणि मंजूर करतानाही त्यात असे लिहिले गेले की पुढची जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघांची फेररचना होईपर्यंत ते लागू होणार नाही. गावच्या पुरुषाने जी जागा १९९३ मध्ये सोडायची होती, ती दिल्लीच्या पुरुषाने सोडण्यासाठी सत्तावीस वर्षे चर्चा झाली आणि वर ही अट आली. यावर कोणत्या शब्दांत बोलावे हे मला खरोखर कळत नाही.

२०१३ हे वर्ष मला या सगळ्यात फार महत्त्वाचे वाटते, कारण त्या एका उन्हाळ्या-पावसाळ्यात हे दुखणे पूर्ण उघड्यावर आले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेला माणूस अपात्र ठरतो. ही अट तुम्हा-आम्हाला होती. जो आधीच खासदार किंवा आमदार आहे त्याच्यासाठी याच कलमाचे चौथे पोटकलम होते, आणि ते म्हणत होते की त्याची अपात्रता तीन महिने लागू होणार नाही, आणि त्या तीन महिन्यांत त्याने अपील केले तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत लागू होणार नाही. आपल्याकडच्या अपिलांना किती वर्षे लागतात हे ज्याच्या घरात जमिनीचा एक दावा चालू आहे त्याला विचारावे. एकाच गुन्ह्यात, एकाच दिवशी, एकाच न्यायाधीशाने शिक्षा ठोठावलेल्या दोन माणसांपैकी खासदार असलेला सभागृहात परत जाऊ शके आणि नसलेला उमेदवारी अर्जही भरू शकत नसे. १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे पोटकलम घटनाबाह्य ठरवले.

त्याच दिवशी दुसरा एक निकाल आला होता. जो तुरुंगात किंवा पोलिसांच्या कोठडीत आहे त्याला मतदान करता येत नाही. ज्याला मत देता येत नाही त्याला निवडणूकही लढवता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. आणि त्याच्या महिनाभर आधी, ३ जून रोजी, केंद्रीय माहिती आयोगाने काँग्रेस, भाजप, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, राष्ट्रवादी आणि बसप या सहा राष्ट्रीय पक्षांना माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू होतो असा निर्णय दिला होता.

या तिन्ही निर्णयांवर संसदेने काय केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोठडीतल्या माणसाविषयीचा निकाल तर काही आठवड्यांतच कायदा बदलून पुसला गेला आणि बदल १० जुलैपासूनच, म्हणजे निकालाच्या तारखेपासूनच अमलात आला असे मानावे असेही ठरले. त्यामुळे आजही या देशात कोठडीतला माणूस मत देऊ शकत नाही, पण मत मागू शकतो. पक्षांना माहिती अधिकारातून वगळणारे विधेयक ऑगस्टमध्ये लोकसभेत मांडले गेले आणि स्थायी समितीकडे गेले. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा ते बारगळले. पण पक्षांनी त्याची वाटही पाहिली नाही. आयोगाचा आदेश त्यांनी पाळलाच नाही, आणि मार्च २०१५ मध्ये आयोगाला लिहावे लागले की आदेश अंतिम आहे, बंधनकारक आहे, पण तो अमलात आणण्याचे साधन आमच्याकडे नाही. माहितीच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर दिले नाही म्हणून रोज अडीचशे रुपयांप्रमाणे दंड भरलेले ग्रामसेवक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांतल्या एकाने तो पतपेढीतून कर्ज काढून भरला.

राहिला शिक्षा झालेल्या खासदारांचा निकाल. तो फिरवण्यासाठी ऑगस्टअखेर विधेयक आणले गेले आणि ते रखडलेले दिसताच २४ सप्टेंबरला मंत्रिमंडळाने वटहुकूम मंजूर केला. २७ तारखेला राहुल गांधी यांनी दिल्लीत पत्रकारांसमोर स्वतःच्याच सरकारच्या त्या वटहुकूमाला निरर्थक म्हटले आणि तो फाडून फेकला पाहिजे असे सांगितले. २ ऑक्टोबरला तो मागे घेतला गेला. पुढच्या काही आठवड्यांत रशीद मसूद आणि लालूप्रसाद यादव यांची खासदारकी गेली. त्या वर्षी सुटका झाली ती एका वटहुकूमापासून, आणि तीही तो अगदी उंबऱ्यावर आलेला असताना.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. अक्कांच्या प्रकरणात मला जे सलत राहिले ते सहा फूट नव्हते. त्यांच्या जन्माच्या सुमारास कुणीतरी मेढी रोवल्या होत्या आणि कायद्याने इतक्या वर्षांमागे हात घालून तो दोष त्यांच्या पदरात टाकला होता. कायद्याला मागे वळून बघता येते, हे त्या दिवशी मला कळले. आणि मग दुसऱ्या पानावर मला असे दिसले की तो वरच्या लोकांसाठीही मागे वळून बघतो, फक्त तिथे त्याला दोष शोधायचा नसतो.

परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. राजकीय पक्षांनी परदेशी स्रोताकडून पैसा घेऊ नये असे त्यात स्पष्ट होते, आणि ज्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भागभांडवल परदेशी हातात आहे ती कंपनी भारतात नोंदलेली असली तरी परदेशी स्रोत समजावी, असेही होते. काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी वेदान्त समूहातल्या कंपन्यांकडून देणग्या घेतल्या होत्या. त्यांत स्टरलाइट होती आणि गोव्याच्या लोहखनिजाशी जिचे नाव कायमचे जोडले गेले आहे ती सेसा गोवाही होती. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी कायदा मोडला आहे असा निर्णय दिला आणि केंद्र सरकार व निवडणूक आयोग यांना सहा महिन्यांत कारवाई करायला सांगितले. दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. इतर सगळ्या प्रश्नांवर एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष या एका प्रश्नावर एकाच बाजूला उभे होते.

मे २०१४ मध्ये सरकार बदलले. २०१६ च्या वित्त कायद्यात, म्हणजे अर्थसंकल्पाच्या कागदांत, परदेशी स्रोताची व्याख्या बदलण्यात आली आणि बदल २०१० पासून लागू झाला. मग लक्षात आले की न्यायालयाने ज्या देणग्यांवर बोट ठेवले होते त्या २०१० च्या आधीच्या, १९७६ च्या कायद्याखालच्या आहेत. म्हणून २०१८ च्या वित्त कायद्यात आणखी एक दुरुस्ती झाली आणि तारीख बदलून ५ ऑगस्ट १९७६ अशी करण्यात आली. बेचाळीस वर्षे मागे जाऊन, जो नियम मोडला गेला होता तो मोडला गेला तेव्हा अस्तित्वातच नव्हता असे ठरवण्यात आले. लोकसभेत ते वित्त विधेयक १४ मार्च २०१८ रोजी गदारोळात, चर्चेविना मंजूर झाले. त्याच विधेयकातून खासदारांचा पगार ५० हजारांवरून एक लाख झाला आणि पुढे दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे तो आपोआप वाढत जाईल अशी सोय झाली. आता तो १ लाख २४ हजार आहे.

ती तारीख मी वहीत लिहिली तेव्हा पेन थांबला. ५ ऑगस्ट १९७६. अक्कांच्या सासऱ्यांनी गोठ्याच्या मेढी रोवल्या त्याच्या आसपासचेच हे वर्ष असावे. एका घराच्या त्या काळातल्या चुकीसाठी सुनेचे सदस्यत्व गेले, आणि त्याच काळापासूनच्या चुका दोन पक्षांच्या नावावरून एका ओळीने उतरवल्या गेल्या. कुणी म्हणेल की दोन वेगळ्या कायद्यांची अशी तुलना करू नये. मी वकील नाही. ज्याच्या हातात टेपचे टोक होते तो माणूस आहे, आणि मला ही तुलना टाळता येत नाही.

पगार आणि पेन्शन यांच्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलणे लोकांना हलके वाटते. ऑगस्ट २०१६ मध्ये, विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, महाराष्ट्रातल्या आमदारांचे वेतन दुपटीहून अधिक वाढवणारे विधेयक चर्चेविना मंजूर झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. राज्याच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर आलेल्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन तिजोरीला परवडत नाही म्हणून बंद झाली. एकच मुदत सभागृहात काढलेल्या आमदाराची पेन्शन मात्र चालू राहिली. माझ्यानंतर दोन वर्षांनी सेवेत आलेल्यांना माझ्यासारखीच पेन्शन मिळेल, पण माझ्या शेजारच्या गावचा तरुण ग्रामसेवक २००७ चा आहे. मार्च २०२३ च्या संपात तो सातही दिवस तहसीलसमोर बसला होता. संध्याकाळी माझ्या ओसरीवर पाणी प्यायला थांबला की तो माझ्याकडे पाहत नसे, आणि मला अपराधी वाटे, जरी तो निर्णय माझा नव्हता.

फैसला कोण करतो हाही एक फरक आहे. सरपंचाच्या पात्रतेचा निर्णय जिल्हाधिकारी देतात, ज्यांचा गावच्या राजकारणात पक्ष नसतो. पक्षांतर केलेल्या आमदाराच्या पात्रतेचा निर्णय विधानसभेचे अध्यक्ष देतात, जे स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले असतात आणि ज्यांना बहुमताने त्या आसनावर बसवलेले असते. शिवसेनेतली फूट जून २०२२ ची. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी अध्यक्षांना वाजवी मुदतीत निर्णय घ्यायला सांगितले. पुढे न्यायालयाला मुदतीची तारीख घालून द्यावी लागली, ती वाढवावीही लागली, आणि निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला. दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. निर्णय बरोबर की चूक हे मी ठरवत नाही. अक्कांच्या अपात्रतेचा अर्ज, मोजणी, सुनावणी, हुकूम आणि अपील हे सगळे त्याहून कमी वेळात आटोपले होते, इतकेच मला ठाऊक आहे.

न्यायालयांनाही हे दिसू लागले आहे असे कधी कधी वाटते. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना, त्या सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात अशा आरोपावरून काढले गेले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा पदावर बसवले. एका बाईने आपल्यावर अधिकार चालवावा हे गावाला सोसले नाही, असे न्यायालयाने म्हटले, आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला इतक्या सहज दूर करणाऱ्या यंत्रणेलाही बोल लावले. तो निकाल मी दोनदा वाचला. तोवर आमच्या गावची पोटनिवडणूक होऊन गेली होती आणि पाणीपुरवठ्याचे रजिस्टर कपाटात परत गेले होते.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या मार्चमध्ये, वसुलीच्या धांदलीत, अक्का कार्यालयात आल्या. सदस्यत्व जाऊन काही महिने झाले होते. आता तीन महिन्यांची अट त्यांना लागू नव्हती, थकवली असती तरी कुणी विचारले नसते. त्यांनी कनवटीचे पैसे काढून टेबलावर ठेवले. मी घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून आकडा सांगितला. त्यांनी नमुना ८ उघडायला लावला आणि बोट ठेवून विचारले, गोठ्याची ओळ अजून हाय का. होती, नाव कमी करण्याचा ठराव व्हायचा होता, आणि आकारणी वर्षाच्या सुरुवातीची असल्यामुळे त्या वर्षाची रक्कम कागदावर येणेच होती. मी म्हणालो, अक्का, गोठा आता नाही, ते राहू द्या, ठराव झाला की निघून जाईल.

"वरीस सुरू झालं तवा हुता की," त्या म्हणाल्या. "लिवा पावती."

मी कार्बन सरळ केला आणि गोठ्याची रक्कम वेगळ्या ओळीवर लिहिली.